आधी उघडा, मग बंद करा

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये एका कृषी अभियंत्याचं पुस्तक माझ्याकडे संपादनाला आलं. विषय होता ठिबक संचाची उभारणी आणि देखभाल. लेखक राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकलेले. पुढची पंचवीस वर्षं नगर-नाशिक पट्ट्यात शेतकऱ्यांच्या बांधावर संच बसवण्यात आणि बिघडलेले संच दुरुस्त करण्यात गेलेली. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, पुण्यात वाढलेली. पिकाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी सोडणारा ड्रिपर मी तोवर हातातही धरला नव्हता. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला ताई.

संपादन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऱ्हस्वदीर्घ येतं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम, आणि ते लावत बसलेला लाल पेनवाला माणूस. ते काम मी करते आणि मनापासून करते. पण या पुस्तकात सगळा मिळून त्याला आठवडाही लागला नसेल. उरलेले सात महिने ज्यात गेले ते काम वेगळं होतं, आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं वाचन मी नेहमी पेन न घेता करते. दुसऱ्या वाचनाला ऐसपैस समास सोडलेली छापील प्रत आणि पेन्सिल. त्या पहिल्या फेरीत समासात सगळ्यांत जास्त वेळा मी लिहिलेला शब्द होता ‘किती?’ कारण सरांचा लाडका शब्द होता ‘आवश्यकतेनुसार’. फिल्टर आवश्यकतेनुसार धुवावा. लॅटरलची, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीची, टोकं आवश्यकतेनुसार उघडून पाणी सोडावं. ॲसिड आवश्यकतेनुसार वापरावं. मी एकूण एकतीस ठिकाणी ‘किती?’, ‘कधी?’, ‘कशावरून ओळखायचं?’ असं लिहून प्रत परत पाठवली.

दोन दिवसांनी फोन आला. आवाजात नाराजी होती. “ताई, हे अनुभवानं कळतं. कागदावर सांगता येत नाही.”

मी विचारलं, “तुम्हाला कसं कळतं, सर? शेतावर गेल्यावर तुम्ही नक्की काय बघता?”

मग ते सांगायला लागले आणि मी लिहून घ्यायला लागले. फिल्टरच्या आधी एक दाबमापक असतो, नंतर एक. संच नवा असताना दोन्हींतला फरक किती होता ते भिंतीवर लिहून ठेवायचं. तो फरक वाढला की फिल्टर चोंदला. ॲसिडचंही तसंच. विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्यातले क्षार ड्रिपरच्या वाटेत बसतात, ते विरघळवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्याबरोबर सोडतात. किती, ते पाण्यावर अवलंबून. मग पाण्याचं कसं ओळखायचं? प्लास्टिकच्या मापात आपल्याच विहिरीचं एक लिटर पाणी घ्यायचं, त्यात मोजून थेंबथेंब ॲसिड टाकायचं, दर वेळी ढवळून सामूचा, म्हणजे पीएच मोजायचा, कागद बुडवायचा. सामू ४वर आला की थांबायचं. एका लिटरला जेवढं लागलं, त्या हिशेबानं सगळ्या संचाचं काढायचं.

“हेच लिहा की, सर.”

“एवढं सगळं?”

“एवढं सगळं.”

एका ‘आवश्यकतेनुसार’च्या जागी दीड पान आलं. पुस्तकातलं ते माझं सगळ्यांत आवडतं पान आहे.

शब्दांवरून आमची बरीच बोलणी झाली. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश माझ्या टेबलावर कायम असतात आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कोशातला शब्द बांधावर चालतोच असं नाही. सरांच्या मसुद्यात लॅटरलला कुठे ‘उपनळी’ होतं, कुठे ‘पार्श्वनलिका’, कुठे नुसतं ‘नळी’. ड्रिपरलाही तीन नावं: ड्रिपर, तोटी, उत्सर्जक. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला शिकवतात की एकच शब्द पुन्हापुन्हा येऊ देऊ नये. ललित लेखनात ते शोभतं. इथे मात्र तीन नावं वाचणारा माणूस दुकानात जाऊन तीन वस्तू मागेल. आम्ही ठरवलं की ज्या नावानं दुकानदार वस्तू काढून देतो तेच नाव छापायचं, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. म्हणून लॅटरल, ड्रिपर, व्हॉल्व्ह, सबमेन राहिले. ‘सामू’ मात्र मराठीच राहिला, कारण माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी तो वर्षानुवर्षं वाचत आलाय.

‘वाफसा’वर मात्र मी हरले आणि हरले ते बरंच झालं. पाणी देऊन झाल्यावर जादा पाणी निथरून जातं, मातीत ओल आणि हवा दोन्ही नीट असतात, त्या स्थितीला सरांनी ‘क्षेत्रीय जलधारण क्षमता’ लिहिलं होतं. मी ते सरसकट खोडून ‘वाफसा’ केलं. इतका नेमका, इतका आपला शब्द हाताशी असताना हे लांबलचक कशाला? सरांनी समजावलं, “वाफसा हाताला कळतो, ताई. माती मुठीत दाबून बघायची, ढेकूळ होऊन फुटतं का बघायचं. पण तक्त्यातली ती संख्या मोजलेली आहे, टक्क्यांत आहे. तिला वाफसा म्हटलं तर शेतकरी म्हणेल, माझा वाफसा मला कळतो, टक्के कशाला?” शेवटी मजकुरात सगळीकडे वाफसा ठेवला, आणि तक्त्याच्या शीर्षकात मोजमापाचं नाव. मला वाटतं हाच योग्य निवाडा होता.

माझ्याकडून झालेली खरी चूक दाबाच्या प्रकरणात होती. सरांचं वाक्य होतं, ‘फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरक वाढला, की फिल्टर धुण्याची वेळ झाली असे समजावे.’ मला ते लांब वाटलं. मी ते आटोपशीर केलं: ‘फिल्टरमधील दाब वाढला, की तो धुवावा.’ वाचायला सुटसुटीत, आणि अर्थानं साफ चुकीचं. एकाच दाबमापकाकडे बघणारा माणूस फिल्टर पूर्ण चोंदला तरी धुणार नाही, किंवा मोटारीचा दाब जरा वाढला तरी उगाच धूत बसेल. सरांनी ते पकडलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, “ताई, तुम्ही वाक्य छोटं केलंत आणि त्यातून एक दाबमापक काढून टाकलात.” मला रात्रभर ते टोचत राहिलं. हे त्यांच्या नजरेतून निसटलं असतं तर पुस्तकावर नाव त्यांचं असलं तरी चूक माझी छापली गेली असती.

त्या दिवसापासून मी दोन रंग वापरायला लागले. शाई लाल असेल तर ती भाषेची दुरुस्ती, सरांनी ती नजरेखालून घातली तरी पुरे. हिरवी असेल तिथे अर्थ हलण्याची शक्यता आहे, तिथे त्यांची सही आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आता संगणकावर बदल नोंदवून ठेवायची सोय आहे, पण हिरव्याची शिस्त मी तिथेही पाळते.

आकडेमोडीचा किस्सा सांगायलाच हवा. तिसऱ्या प्रकरणात एक सोडवलेलं उदाहरण होतं: एक एकर ऊस, पाच फुटी सरी, ड्रिपरमधलं अंतर ४० सेंटिमीटर, प्रत्येक ड्रिपर ताशी २ लिटर. तर संचाला ताशी किती पाणी लागेल? उत्तर छापलं होतं २६,६०० लिटर. मला अभियांत्रिकी येत नाही, पण गुणाकार-भागाकार येतो. आणि माझा नियम आहे की पुस्तकातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण स्वतः वहीत सोडवून बघायचं. एकराचे ४३,५६० चौरस फूट. भागिले ५, म्हणजे ८,७१२ फूट लॅटरल. त्याचे मीटर साधारण २,६५५. दर ४० सेंटिमीटरला एक म्हणजे ६,६४० ड्रिपर. गुणिले २, म्हणजे सुमारे १३,३००. छापलेल्या उत्तराच्या निम्मं.

आधी वाटलं, माझंच काही चुकतंय. तीनदा केलं. मग सरांना फोन लावला. क्षणभर शांतता, मग, “अरे देवा. आधी मी ४ लिटरचा ड्रिपर धरला होता. पुढे हल्ली २चेच जास्त चालतात म्हणून वर बदललं, खाली राहून गेलं.”

लेखकांच्या हातून हे नेहमी होतं. त्यांना विषय इतका पाठ असतो की उत्तराकडे ते बघतच नाहीत. पण गोष्ट इथे संपत नव्हती. मी सातवं प्रकरण उघडलं. तिथे ॲसिडचं उदाहरण याच एकराचं होतं. लिटरला १ मिलिलिटर ॲसिड लागतं असं धरून, पंधरा मिनिटांत संचातून जेवढं पाणी जाईल तेवढ्याचा हिशेब. १३,३००नं काढला तर ३.३ लिटर ॲसिड येतं. पुस्तकात होतं ६.६५ लिटर. तिसऱ्या प्रकरणातला राहून गेलेला आकडा सातव्या प्रकरणात जाऊन ॲसिड दुप्पट करत होता. तेव्हापासून मी प्रत्येक तांत्रिक पुस्तकासाठी एक वेगळी वही ठेवते. कुठला आकडा पहिल्यांदा कुठे येतो आणि पुढे कुठेकुठे वापरला जातो, तो बदलला तर कुठली पानं उघडायची, एवढंच तिच्यात असतं.

सातव्या प्रकरणाची मांडणीही आम्ही मोडून पुन्हा केली. मूळ शीर्षक होतं ‘ॲसिड व क्लोरीन प्रक्रिया’. ॲसिड क्षारांसाठी, क्लोरीन शेवाळासाठी. दोन्ही एकाच प्रकरणात, एकामागून एक. आणि प्रकरणाच्या अगदी शेवटी ‘दक्षता’ या मथळ्याखाली पाचवं वाक्य, की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. मी वाचताना तिथेच थांबले. दोन्ही ज्यातून संचात सोडायचं ती खताची टाकी एकच, प्रकरण एकच. दोन्ही कामं एका दिवशी उरकावीत असं कुणालाही वाटेल, आणि धोक्याची सूचना त्याला भेटणार काम झाल्यावर. आम्ही दोन स्वतंत्र प्रकरणं केली. धोक्याची वाक्यं शेवटच्या यादीतून काढून जिथे हात डब्याकडे जाणार त्या वाक्याच्या वर आणली, जाड ठशात. ‘टाकीत आधी पाणी भरा. ॲसिड पाण्यात ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका.’ हे आधी होतं, ‘ॲसिड व पाणी यांचे मिश्रण तयार करावे’. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

इथेच आमचा क्रियापदांचा वादही निघाला. सरांचं सगळं लेखन ‘करावे’, ‘उघडावी’, ‘करण्यात यावी’ असं. मला ‘करा’, ‘उघडा’ हवं होतं. त्यांना ते अवघडल्यासारखं वाटे. “सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला मी ‘हे करा, ते करा’ म्हणू?” मी म्हटलं, “समोर असताना काय म्हणता?” ते म्हणाले, “समोर? ‘नाना, जरा तो व्हॉल्व्ह उघडा’ म्हणतो.” मग झालं की. ‘उघडा’त आदर आहेच. ‘उघडण्यात यावा’मध्ये मात्र उघडणारा माणूसच नाही, आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

हे सगळं करूनही या पुस्तकातली सगळ्यांत मोठी चूक आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. ती नानांमुळे दिसली.

जानेवारीत मजकूर जवळजवळ पक्का झाल्यावर मी हट्ट धरला की एक प्रकरण शेतावर वाचून बघायचं. सरांनी राहुरीजवळचे ओळखीचे शेतकरी निवडले. वयानं मोठे, सगळे त्यांना नाना म्हणतात. पंपाच्या खोलीशेजारी वाळूचा फिल्टर, त्याला चार व्हॉल्व्ह: पाणी आत येण्याचा इनलेट, बाहेर जाण्याचा आउटलेट, फिल्टरला वळसा घालून जाणारा बायपास, आणि धुतलेलं घाण पाणी बाहेर काढणारा बॅकवॉश. फिल्टर धुताना पाणी उलट्या दिशेनं, खालून वर सोडतात. अट एवढीच होती की नानांनी आमचं पान वाचून फिल्टर धुवायचा, आणि आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवायचं. तोवर हे काम त्यांचा मुलगाच करायचा.

नानांनी चष्मा लावला, पान खांबाला टेकवलं आणि मोठ्यानं वाचलं. ‘इनलेट व आउटलेट व्हॉल्व्ह बंद करून बायपास व बॅकवॉश व्हॉल्व्ह उघडा.’ चित्रात बघून त्यांनी आउटलेट ओळखला आणि बंद केला. मग इनलेट फिरवायला घेतला. मोटार चालू होती. मोटारीकडच्या दाबमापकाचा काटा झपकन वर सरकला, पाइपच्या जोडातून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. अट विसरून सर धावले, “थांबा नाना!” आणि त्यांनी बायपास आणि बॅकवॉश सताड उघडले. काटा खाली आला.

नाना पानावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, “मी लिवलंय तसंच केलं.”

त्यांचं अगदी बरोबर होतं. ‘बंद करून उघडा’ म्हणजे आधी बंद, मग उघड. मराठीत ‘-ऊन’ लावलं की ते काम आधी झालं. ‘जेवून ये’ म्हटल्यावर कुणी येऊन जेवत नाही. सरांचा हात मात्र पंचवीस वर्षं उलटं करत आलाय: आधी दोन उघडायचे, पाण्याला वाट द्यायची, मगच दोन बंद करायचे. लिहायला बसल्यावर त्यांच्या डोक्यात चौघांची शेवटची स्थिती होती, कुठले दोन बंद, कुठले दोन उघडे, आणि ती त्यांनी एका सुबक वाक्यात बसवली. मी ते वाक्य निदान सहा वेळा वाचलं होतं. ते मला आवडलंही होतं. भाषा माझा विषय, आणि ‘-ऊन’ काय करतो हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण हाताचा क्रम मला माहीत नव्हता, म्हणून वाक्याचा क्रम चुकलाय हे कळायला मला मार्गच नव्हता. आणि सरांना हाताचा क्रम इतका मुरलेला होता की वाक्य वाचतानाही ते मनात बरोबरच वाचत होते.

खोलीबाहेर बाजेवर बसून, चहा येईपर्यंत, आम्ही ते तिथेच नव्यानं लिहिलं. सर हातानं व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं करून दाखवत होते, मी लिहीत होते. ‘मोटार चालू ठेवा. आधी बायपास पूर्ण उघडा. बॅकवॉश पूर्ण उघडा. मग आउटलेट बंद करा. शेवटी इनलेट बंद करा. बॅकवॉशच्या नळीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा.’ परतीचा क्रमही तसाच, आधी उघडायचे आणि मग बंद करायचे. चित्रात व्हॉल्व्हना १ ते ४ आकडे होते, ते डावीकडून उजवीकडे. नानांनी सुचवलं की ज्या क्रमानं फिरवायचे त्याच क्रमानं आकडे द्या. दिले. मग नानांनी पुन्हा पान हातात घेतलं आणि फिल्टर धुतला. आधी गढूळ, मग पिवळसर, मग स्वच्छ पाणी आलं. मी तिथे उभी होते आणि मला भरून आलं होतं, हे मी लपवणार नाही.

पुण्याला परतल्यावर मी सगळं पुस्तक फक्त ‘-ऊन’साठी पुन्हा वाचलं. ‘टाकून’, ‘काढून’, ‘घेऊन’, ‘जोडून’. प्रत्येक ठिकाणी सरांना विचारलं, आधी हेच का? बावीस ठिकाणी वाक्य फिरवावं लागलं. बहुतेक ठिकाणी निरुपद्रवी होतं, पण फिरवलं.

शेवटचा टप्पा छपाईपूर्वीच्या प्रुफांचा. सरांची मूळ फाइल जुन्या फॉन्टमधली, ती युनिकोडमध्ये बदलून घेतली होती. त्या उलथापालथीत अक्षरं बिघडतात ती लगेच दिसतात, ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्या’ तुटला की डोळ्यांत खुपतो. पण गळलेलं टिंब दिसत नाही. ०.५चं ०५ होतं, १.५चं १५ होतं, आणि १५ हा आकडा दिसायला कुठूनही चुकीचा नसतो. म्हणून सगळे तक्ते आम्ही दोघांनी फोनवर मोठ्यानं वाचले. ते त्यांच्या मूळ वहीतून वाचणार, मी प्रुफावर बोट ठेवणार. “सोळा मिलिमीटर. शून्य टिंब पाच. एक टिंब पाच.” तीन संध्याकाळी, रोज दोन तास. सात टिंबं परत मिळाली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीनं मागून विचारलेलं मला ऐकू आलं, “पाढे कसले म्हणताय हो?”

पुस्तक मे महिन्यात निघालं. श्रेयनामावलीत सरांनी नानांचं नाव घातलं, माझ्या आधी. मीच तसं सुचवलं होतं.

गेल्या महिन्यात सरांचं दुसरं पुस्तक माझ्याकडे संपादनाला आलं, सौर कृषिपंपांवर. पहिल्या पानापासून ‘करा’, ‘जोडा’, ‘तपासा’. जिथे जिथे ‘-ऊन’ आहे तिथे समासात त्यांच्या बारीक अक्षरात ‘क्रम तपासला’. उदाहरणांच्या शेजारी कुठला आकडा कुठून आला ते पानासकट. मी पेन न घेता सगळं वाचलं, मग पेन्सिल घेऊन पुन्हा सुरुवात केली. चौथ्या पानावर वाक्य आहे, ‘पॅनेल योग्य कोनात बसवा.’ समासात मी लिहिलंय, ‘किती अंश? कशानं मोजायचा?’